राउटरच्या पाठीला दोन भोकं ठेवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या शनिवारी तुमच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर राउटर कुठं लपवायचा यावर एक लेख आला होता, वेताच्या टोपलीत ठेवा, पुस्तकांच्या मागं सरकवा, जुन्या लाकडी पेटीत घाला असं काय काय सुचवलं होतं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी गेली १९ वर्षं साताऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत आधी केबल टीव्हीची आणि आता फायबर नेटची कामं करतो, रोजची चार-पाच घरं होतात, आणि त्या लेखात जे करा म्हणून सांगितलंय तेच मी रोज लोकांच्या घरी जाऊन काढत असतो. पण यात चूक लेख लिहिणाऱ्याची नाही आणि घरातल्या माणसांची तर अजिबात नाही. ती वस्तूच अशी बनवलेली असते की घरात ठेवायची कुठं हे कुणालाच कळत नाही.

आधी मला जे डबे मिळायचे ते चपटे असायचे, पांढरे किंवा राखाडी, पाठीमागं किल्लीच्या भोकासारखी दोन भोकं. ड्रिल मारायचं, गिट्टी ठोकायची, दोन स्क्रू अर्धे बाहेर ठेवायचे आणि डबा वरून सरकवून अडकवायचा, पाच मिनिटांचं काम. वायरी खालून निघायच्या, केसिंग पट्टीतून थेट बोर्डापर्यंत जायच्या आणि मग वर्षानुवर्षं त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. आता जे येतात त्यातले निम्मे उभे मनोरे असतात नाहीतर गोल डबी, नाहीतर मधेच फुगीर आणि कडेला निमुळतं असं काहीतरी. पाठीमागं भोकं नाहीत, तळ आपल्या तळहाताहून लहान, अंग काळ्या चकचकीत प्लास्टिकचं. बॉक्सवरच्या फोटोत तो मनोरा एका रिकाम्या टेबलावर उभा असतो, मागं मोठी खिडकी, आणि वायर एकही दिसत नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या घरात असं रिकामं टेबल मी अजून बघितलेलं नाही, आणि वायरी तर किमान दोन असतातच, एक फायबरची आणि एक करंटची, त्यात टीव्हीचा बॉक्स आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर जोडला की चार.

या चार वायरी जड असतात हे डिझाइन करणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही ते मला खरंच कळत नाही. टीव्ही-डीव्हीआरला जाणारी कॅट सिक्सची नेटची वायर जाड आणि ताठ असते, तिला वळवलं की ती परत सरळ व्हायला बघते, आणि डबा हलका असला की वायर त्याला स्वतःबरोबर फिरवते. सकाळी मनोरा समोर तोंड करून ठेवला तर संध्याकाळपर्यंत तो भिंतीकडं वळलेला असतो, आणि पोराचा पाय वायरीत अडकला की सरळ जमिनीवर. मग लोक काय करतात, डबल टेप लावतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, जुलैत टेप सुटते आणि डबा पडतो, मग मला फोन.

फायबरचं तर वेगळंच आहे, ते जरा सविस्तर सांगतो कारण बऱ्याच वाचकांना हे माहीत नसतं. जी पातळ वायर हिरव्या जॅकनं डब्यात जाते तिच्या आत काचेचा धागा असतो, केसासारखा, आणि त्यातून उजेड येतो जो डोळ्याला दिसत नाही. काच म्हटल्यावर ती तांब्यासारखी मुडपून चालत नाही. जुन्या पद्धतीच्या फायबरला वळण द्यायचं तर त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नसते, नवीन चांगल्या प्रतीच्या फायबरला १० मिलिमीटरपर्यंत चालतं, त्याच्याही खाली गेलं की उजेड वळणावरून बाहेर सांडतो आणि डब्यापर्यंत कमी पोचतो. आमच्याकडं हा उजेड मोजायचा मीटर असतो, उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, त्यावर उणे २० आलं तर काम चांगलं झालं समजायचं, उणे २७ च्या पुढं घसरलं की डब्याला उजेड दिसेनासा होतो आणि लाल लाईट लागतो. आता हिरवा जॅक आणि त्याची रबरी शेपटी मिळून पाच सेंटीमीटर तरी लांब होते, म्हणजे ज्या डब्याचं फायबरचं भोक मागच्या बाजूला आहे तो भिंतीपासून चांगला चार बोटं लांबच ठेवायला पाहिजे. पण डबा दिसायलाच असा की समोरून छान दिसावा, मग माणूस तो मागं भिंतीला टेकवतो, त्यात त्याची काय चूक. जॅकच्या शेपटीजवळच वायर काटकोनात मुडपते आणि नेट चालू-बंद चालू-बंद करायला लागतं. हेच भोक खालच्या बाजूला ठेवलं असतं तर वायर सरळ खाली लोंबली असती, विषय संपला असता.

मेढ्याच्या बाजूला एक काका-काकू राहतात, काका एसटीतून रिटायर झालेले, मुलगा पुण्यात. रोज रात्री आठला मुलाचा आणि नातीचा व्हिडिओ कॉल येतो, त्यासाठीच नेट घेतलंय दुसरं काही नाही. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये संध्याकाळी काकांचा फोन आला की नेट बंद आहे. मी विचारलं, काका लाईट लागलाय का. म्हणाले लागलाय की. म्हटलं हिरवा का लाल. तर म्हणाले, "अरे बाबा तेच तर मला उमगत नाही, मला दोन्ही सारखेच दिसतात, लहानपणापासनं तसंच आहे." त्यांच्याकडं जो नवीन मनोरा होता त्याला अख्ख्या अंगावर एकच लाईट, नेट असलं की हिरवा, नसलं की लाल, चालू होताना नारिंगी, आणि शेजारी अक्षर एक नाही. काकूंना मोतीबिंदू झालेला, त्यांना धड दिसत नाही. मग मी पावसात गाडी काढली, जाऊन बघतो तर लाल. आमच्याकडं लाल उजेडाचा एक पेन असतो, तो फायबरच्या एका टोकाला लावला की वायर जिथं दुखावलीय तिथून उजेड बाहेर येतो. पेन लावला तर मनोऱ्याच्या मागं बरोबर जॅकच्या मुळाशी वायर लालभडक दिसली, काकूंनी सुद्धा ते बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई, मी दुपारी पुसायला घेतला आणि मागं नीट टेकवून ठेवला." दोन दिवस त्या माऊलीच्या मनाला ते लागून राहिलं की आपल्यामुळं बंद पडलं. मीटरला उणे २९ होतं, डबा पुढं ओढून वायर मोकळी केली की उणे २१. दुरुस्ती म्हणजे एवढीच, त्यासाठी माझं जाऊन-येऊन दोन तास आणि त्यांचा नातीचा कॉल बुडाला.

पूर्वीच्या डब्यांवर ओळीनं लाईट असायचे आणि प्रत्येकाखाली नाव, पॉवर, पॉन म्हणजे फायबरची जोडणी, एलओएस म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही, लॅन म्हणजे घरातल्या वायरी, वायफाय. माणसाला इंग्रजी वाचता येत नसलं तरी "डावीकडनं तिसरा लागलाय" एवढं तो सांगू शकायचा आणि मला इथं बसून कळायचं की बिघाड बाहेरच्या तारेत आहे का घरातल्या डब्यात. आता एकच लाईट ठेवला की डबा म्हणे साधा आणि सुंदर दिसतो. दिसत असेल, पण त्या ओळीत जी माहिती होती ती गेली ना, आणि ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याच्यासाठी तर काहीच उरलं नाही. असे लोक थोडे नाहीत हो, पुरुषांत तर बऱ्यापैकी असतात, मलाच माझ्या भागात चौघं माहीत आहेत.

बरं जिथं लाईट ठेवलेत तिथं निळे ठेवलेत आणि इतके प्रखर की रात्री खोलीभर उजेड. एका खोलीच्या घरात जिथं झोपायचं तिथंच राउटर असतो. निम्म्या घरांत त्या लाईटवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली असते, माझ्या बॅगेत टेपची गुंडाळी त्यासाठीच जादा ठेवावी लागते.

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस माझ्यासाठी वर्षातले सगळ्यात वाईट. घरोघर साफसफाई निघते, जळमटं काढतात, टीव्हीचं युनिट पुढं ओढतात आणि राउटरच्या वायरी काढून पुसून परत घालतात. पूर्वी बाहेरून नेट येणाऱ्या वायरीचं भोक निळं आणि घरातल्या वायरींची भोकं पिवळी असं असायचं बऱ्याच डब्यांना, काढताना ध्यानात राहायचं आणि घालताना चुकायचं नाही. आता रंग नको कारण तो डिझाइनला शोभत नाही, सगळी भोकं काळी, आणि नावं काळ्या प्लास्टिकवर काळीच, उठावाची, बोट फिरवलं तर कळतील नाहीतर बॅटरी तिरकी धरून वाचायची. मागच्या दिवाळीत शाहूपुरीतल्या एका वहिनींनी असंच सगळं काढून स्वच्छ करून परत जोडलं आणि बाहेरची वायर चुकून शेजारच्या भोकात गेली. वायफाय दिसतंय पण नेट नाही. मोबाईलला त्यांच्या गल्लीत रेंज नीट नाही, मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत त्याच रात्री संपत होती, आणि मला पोचायला साडेनऊ वाजले कारण त्या दिवशी असेच सात फोन होते. फॉर्म भरला गेला शेवटी, पण ती पोरगी रडून रडून डोळे सुजवून बसली होती आणि वहिनी सारखं म्हणत होत्या की मी कशाला हात लावला. एका पैशाचा रंग वाचवला नाही कुणी यात, फक्त दिसायला एकसारखं काळं पाहिजे म्हणून हे झालं, याचा मला जास्त राग येतो.

त्याच भोकांची आणखी एक तऱ्हा, ती आता इतकी आत घेतलेली असतात की जॅक आत गेला की त्याची क्लिप दाबायला बोट पोचत नाही. आमची रांगडी बोटं तर नाहीच पोचत. मग स्क्रूड्रायव्हरनं दाबायची, दोनदा दाबली की क्लिप तुटते आणि जॅक कापून नवीन दाबून बसवायचा.

आणि पासवर्ड कुठं लिहिलेला असतो, तर तळाला. मनोरा उलटा केल्याशिवाय दिसत नाही, उलटा करायचा तर वायरी काढाव्या लागतात, वायरी काढल्या की नेट बंद. अक्षर मुंगीएवढं आणि त्यात शून्य का ओ, एक का एल हे चष्मा लावूनही कळत नाही. मी आता प्रत्येक घरी काम झालं की पासवर्ड मोठ्या अक्षरात मार्करनं कागदावर लिहून बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवतो.

ॲडॉप्टरबद्दल लिहायचं नाही म्हटलं तरी राहवत नाही, बोर्डावर दोन सॉकेट शेजारी शेजारी असतात आणि राउटरचा ठोकळा एकटाच दोन्ही झाकून टाकतो, मग टीव्हीसाठी एक्स्टेंशन आलं.

आता आठ-आठ अँटेनांचे डबे निघालेत, कोळ्यासारखे दिसतात, लाल पट्टे वगैरे. पोरं हट्टानं आणायला लावतात. लोक मला विचारतात की आठ अँटेना म्हणजे चौपट रेंज ना. तर तसं नाहीये. जास्त अँटेनांनी एकाच वेळी जास्त डेटा पाठवता येतो हे खरं आहे, पण समोरच्या मोबाईलला बहुतेक दोनच अँटेना असतात, आणि हवेत किती ताकद सोडायची याला सरकारी मर्यादा आहे ती अँटेना वाढवल्या म्हणून वाढत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर येते, म्हणजे साध्या अँटेनाचा आतला खरा भाग सहा-एक सेंटीमीटरचा असला तरी भागतं, बाहेर दिसतो तो हातभर लांब तलवारीसारखा आकार बऱ्याचदा नुसता खोका असतो. ते पंख पसरले की डबा कुठल्या फळीवर मावत नाही, मग तो जातो माळ्यावर नाहीतर टीव्हीच्या मागं, आणि तिथून रेंज जास्तच कमी येते.

कंपन्यांचं यावर एक म्हणणं असतं आणि ते मला सोडून द्यायचं नाही कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात डबा कुरूप असला तर लोक तो कपाटात लपवतात, कपाटात गेला की सिग्नल पडतो, म्हणून तो असा सुंदर करायचा की लोक उघड्यावर ठेवतील. पटण्यासारखं आहे. पण प्रत्यक्षात काय होतं ते मी बघतो ना. शोपीससारखा दिसतो म्हणून लोक तो शोकेसमध्ये काचेच्या आत ठेवतात, गणपतीच्या मूर्तीशेजारी, वरून क्रोशाचा रुमाल घालतात की धूळ बसू नये. आता गरम हवा बाहेर पडायची भोकं वरच असतात, रुमालाखाली डबा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि उन्हाळ्यात दर तासाला आपोआप बंद पडून परत चालू होतो. प्रेमानंच घालतात रुमाल, वस्तू नाजूक आणि महागडी दिसते म्हणून जपतात.

आणि लपवू नये असा डबा करता येतो हे त्याच कंपन्यांना चांगलं माहीत आहे. हॉस्पिटलमध्ये, हॉटेलमध्ये, बँकेत वर सीलिंगला बघा, पांढरी चपटी ताटली असते, मॅट, एकच बारीक लाईट आणि तोही बंद करता येतो, वायर पाठीमागून आतल्या आत. कुणाच्या नजरेला येत नाही आणि सगळीकडं रेंज. तिथं कुणी त्याला शोपीस करायला गेलं नाही कारण तिथं विकत घेणारा माणूस तोच असतो ज्याला पुढं तो सांभाळायचा असतो. घरचा डबा मात्र बॉक्सवरचा फोटो बघून विकला जातो.

मला जुन्यातला एक राउटर आठवतो, लिंकसिसचा डब्ल्यूआरटी ५४ जी. २००२ च्या शेवटी निघाला होता, आमच्याकडं सायबर कॅफेत बऱ्याच वर्षांनी जुना म्हणून आला. निळा-काळा, दिसायला ठसठशीत, पण समोर लाईटची ओळ आणि प्रत्येकाला नाव, अँटेना दोनच आणि त्याही फिरवून काढता येणाऱ्या. त्याचे पाय असे केलेले की त्याच कंपनीचा स्विच (एका नेटच्या वायरीच्या अनेक करणारा डबा) किंवा मोडेम त्याच्यावर बरोबर रचून बसायचा, हलायचा नाही. म्हणजे एका माणसाच्या घरात एकापेक्षा जास्त डबे असणार आणि ते एकावर एक ठेवायला लागणार हे कुणीतरी आधी विचारात घेतलं होतं. लोकांना तो इतका आवडला की २०१४ मध्ये कंपनीनं नवीन राउटर तोच तोंडवळा देऊन परत काढला. त्यामुळं गिऱ्हाइकाला सोयीचं नको असतं असं कुणी म्हणत असेल तर मी ते मान्य करणार नाही.

माझी मागणी मोठी नाहीये. टीव्ही कुठल्याही कंपनीचा घ्या, मागं चार भोकं असतात आणि त्यांचं अंतर ठरलेलं असतं, ७५ मिलिमीटर, १०० मिलिमीटर असं, त्याला वेसा म्हणतात, म्हणून बाजारातला त्या मापाचा कुठल्याही कंपनीचा स्टँड बसतो आणि टीव्ही बदलला तरी भिंतीत परत भोकं पाडावी लागत नाहीत. लाईटच्या बोर्डातली एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारं बटण, कुठलीही आणा, ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर खटकन बसते. ऑफिसातले नेटवर्कचे डबे १९ इंची रॅकमध्ये बसतात, तिथं पण सगळ्यांचं माप एक. मग घरातल्या राउटरलाच एक ठरलेलं माप का नको. आपल्याकडं असली उपकरणं विकायला दूरसंचार खात्याच्या अभियांत्रिकी केंद्राचं सर्टिफिकेट लागतं, त्यात सुरक्षितता बघतात, मग पाठीमागं ठराविक अंतरावर दोन भोकं आहेत का, भोकांवरची नावं वाचता येतात का, लाईटला रंगाशिवाय दुसरी काही ओळख आहे का, हे पण बघायला सांगा. राउटर बदलला की आम्ही गिऱ्हाइकाच्या रंगवलेल्या भिंतीत परत ड्रिल घालतो, जुनी भोकं तशीच राहतात, आणि शिव्या आम्ही खातो. फायबर घरोघर चाललंय, पुढच्या दहा वर्षांत हे डबे तीनदा तरी बदलले जातील, तेव्हा हे आत्ताच ठरवायला पाहिजे.

आणि तुमच्या वाचकांना सांगणं एवढंच की कृपा करून टोपलीत आणि पेटीत घालू नका. हॉलमध्ये उंचावर, मोकळ्यावर, खिडकीच्या गजांपासून आणि लोखंडी कपाटापासून लांब. नवीन जोडणी घेताना माणूस डबा घेऊन आला की आधी तो पालथा करून बघा, पाठीला भोकं आहेत का ते. नसतील तर दुसरा आहे का विचारा, बऱ्याचदा ऑफिसात जुन्या पद्धतीचे पडून असतात पण कुणी मागत नाही म्हणून निघत नाहीत.

काकांच्या बाबतीत मी तेच केलं. ऑफिसात एक जुना चपटा डबा होता, पिवळसर पडलेला पण चांगला चालणारा, कंपनीच्या नोंदीत त्याचा सिरीयल नंबर बदलून घेतला आणि त्यांच्या दारावरच्या भिंतीला दोन स्क्रूवर अडकवून आलो, वायरी खालून सोडल्या. काकू म्हणाल्या हा काही तेवढा देखणा नाही, पण आता पुसायला हात पुरत नाही ते बरंय. परवा जून संपताना वाऱ्यानं फांदी पडली तेव्हा काकांचा फोन आला, "डावीकडनं तिसरा लागलाय, खाली एलओएस लिहिलंय त्याच्या." बिघाड बाहेरच्या तारेत आहे हे कळलं, मी शिडी आणि फायबर जोडायचं स्प्लायसिंगचं मशीन घेऊनच घरून निघालो, तार मेन रस्त्याच्या खांबापाशी तुटली होती, साडेसातला जोडून झाली. काकांच्या घरात जावंच लागलं नाही.

आपला नियमित वाचक,
एक केबलवाला, सातारा